अर्धवट नांवाचा शोध

मनुष्याची स्मृति नांवें जशींच्या तशीं सांभाळून ठेवीत नाहीं. तिच्यापाशीं बहुधा नांवाचा एखादा तुकडाच शिल्लक राहतो. कधीं पहिलें अक्षर, कधीं शेवटचा नाद. दप्तरांतील कागद मात्र पुरें नांव मागतो, आणि तेंही त्यानें लिहून घेतलें असेल त्याच रूपांत. या दोहोंमधील अंतर कसें तोडावें हा प्रश्न संगणकाच्या जन्मापूर्वींचा आहे. संगणकानें त्यास एक नेटकें उत्तर दिलें, आणि त्याबरोबर कांहीं नव्या अडचणीही आणिल्या. भंडारा जिल्ह्यांतील नांवांच्या आधारें हा इतिहास थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

खुद्द भंडारा हें नांवच अशा शोधाचें उदाहरण होय. रतनपूरचा कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याचा चेदि संवत् ८६६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, शिलालेख उपलब्ध आहे. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनीं त्याचें वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडांत प्रसिद्ध केलें. जाजल्लदेवास करभार देणाऱ्या मांडलिकांच्या यादींत वैरागर, लंजिका आणि भाणार हीं स्थलनामें येतात. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड, लंजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यांतील लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा, असें संशोधक मानतात. येथें शोधाची रीत कशी आहे तें पाहण्यासारखें आहे. नांवाचें जें अंग टिकाऊ तें धरून ठेवावयाचें, जें बोलतां बोलतां झिजतें किंवा बदलतें तें मोकळें सोडावयाचें, आणि मग शेजारच्या नांवांची साक्ष घ्यावयाची. भाणार आणि भंडारा या दोहोंत आरंभींचा 'भ' आणि शेवटाकडचा 'र' कायम आहेत. मधला भाग तेवढा पालटला. वैरागड आणि लांजी हीं दोन्ही भंडाऱ्याच्याच आसपास सांपडतात, म्हणून या तिसऱ्या नांवाच्या ओळखीस बळकटी येते.

या रीतींत धोकाही आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें. तेव्हां भांड्यांवरून भंडारा ही व्युत्पत्ति ऐकतांक्षणींच पटते. कोठार या अर्थाचा 'भांडार' शब्दही तितकाच जवळचा आहे. अक्षरें सर्वांचींच जुळतात. परंतु नऊशें वर्षांपूर्वींच्या दगडावर 'भाणार' असें कोरलेलें असतां नुसत्या अक्षरसाम्यावर भिस्त ठेवणें बरें नव्हे. हातचा तुकडा जितका लहान, तितकीं त्याशीं जुळणारीं नांवें अधिक. आणि तीं जितकीं अधिक, तितकी त्यांतून पारख करण्याची जबाबदारी मोठी.

संगणकावर हीच रीत चिन्हांच्या रूपानें अवतरली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' नांवाची कार्यप्रणाली रचिली. तिच्या १९७१ सालच्या पहिल्याच माहितीपुस्तकांत 'ग्लॉब' नांवाचा एक लहानसा कार्यक्रम आढळतो. अर्धवट लिहिलेल्या नांवाशीं कोणकोणत्या फाइलींचीं नांवें जुळतात तें काढून देणें, एवढेंच त्याचें काम. रमीच्या डावांत जोकर जसा कोणत्याही पानाची जागा घेतो, तशीं त्याचीं चिन्हें वाटेल त्या अक्षराची जागा घेत. तारका म्हणजे 'येथें कितीही अक्षरें असोत, अथवा एकही नसो'. प्रश्नचिन्ह म्हणजे 'येथें कोणतेंही एक अक्षर'. भाणार आणि भंडारा यांस एकाच सांच्यांत धरावयाचें तर 'भ', तारका, 'र' आणि पुन्हां तारका असें लिहिलें कीं पुरे. त्या सांच्यांत भाकर आणि भागीरथीही येऊन बसतील, हें निराळें सांगावयास नको.

१९८१ सालीं एम. एस. डॉस ही प्रणाली आली आणि हीं दोन चिन्हें कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोंचलीं. त्या प्रणालींत फाइलीच्या मुख्य नांवास रोमन आठच अक्षरें मिळत, व पुढें प्रकार दाखविण्यास तीन. भंडाऱ्याच्या आजच्या सात तालुक्यांचीं नांवें या मापानें तपासण्यासारखीं आहेत. रोमन लिपींत भंडारा बरोबर आठ अक्षरांत बसतें. तुमसर, मोहाडी, साकोली, पवनी हीं त्याहून लहान आहेत, आणि लाखनीस सात अक्षरें पुरतात. लाखांदुरास मात्र नऊ लागतात. म्हणून त्याचा शेवटचा 'र' गळून पडे. आतां, लाखनी व लाखांदूर यांचीं पहिलीं सहा रोमन अक्षरें एकच आहेत. त्या सहांपुढें तारका दिली तर दोन्ही ठिकाणच्या फाइली पुढें येत. प्रश्नचिन्ह दिलें तर एकट्या लाखनीची येई. एका खुणेच्या फरकानें एक अख्खा तालुका यादींतून वगळला जातो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९९५ सालच्या विंडोजनें ही आठ अक्षरांची मर्यादा उठविली.

मराठी नांव मराठी लिपींत लिहूं लागल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. देवनागरीसाठीं १९९१ सालीं भारतीय मानक ठरलें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींतही तिला स्थान मिळालें. तरीही पुढें कित्येक वर्षें मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत लिहिला जात होता. पडद्यावर 'भंडारा' दिसे, पण आंत रोमन अक्षरांचे संकेत सांठविलेले असत, आणि तेही प्रत्येक टंकाचे वेगळे. म्हणून डोळ्यांस दिसणारें नांव यंत्रास सांपडत नसे. युनिकोड रूढ झाल्यावर हा घोळ पुष्कळ निवळला. लेखनभेदाचा मात्र राहिला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले आणि अंत्य इकार-उकार दीर्घ झाले. प्रस्तुत लेखांत 'नांव' हा शब्द जुन्या वळणानें लिहिला आहे. 'नाव' अशीं अक्षरें देऊन शोधणाऱ्यास तो मिळणार नाहीं. 'न' आणि 'व' यांच्यामध्यें तारका ठेवणाऱ्यास दोन्ही मिळतील.

हा केवळ विद्वानांचा खेळ असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. महाराष्ट्रांत जातीच्या दाखल्यासाठीं अनुसूचित जातींच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, अनुसूचित जमातींच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा आणि इतर मागासवर्गांतील अर्जदारास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा मागितला जातो. त्यासाठीं आजोबा-पणजोबांचें नांव शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकांत, कोतवाल पंजींत किंवा जमिनीच्या जुन्या कागदांत शोधावें लागतें. घरच्यांस तें नांव ऐकून ठाऊक असतें, आणि या भागाच्या बोलींत 'ण'चा 'न' होतो. घरांत 'गनू' म्हणून आठवणींत राहिलेला पणजा कागदावर 'गणू' असेल, 'गणु' असेल, किंवा सरळ 'गणपत' असेल. जिल्ह्याच्या सीमाही स्थिर नाहींत. भंडारा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत होता, आणि १ मे १९९९ रोजीं गोंदिया त्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या कागदांत तिरोडा आणि देवरी भंडाऱ्याखालींच आहेत. एका अक्षरावर किंवा जिल्ह्याच्या एका नांवावर शोध अडला, तर एखाद्या मुलीचा महाविद्यालयांतील प्रवेशही अडूं शकतो.

आज सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांकाप्रमाणेंच पहिलें नांव, मधलें नांव किंवा आडनांव यांवरूनही शोध घेतां येतो, ही मोठी सोय आहे. परंतु तिची खरी किंमत सूची करणाऱ्याच्या हातीं आहे. त्यानें कागदावरील रूप जसेंच्या तसें उतरावें, आणि त्याशेजारीं आजच्या वळणाचें व बोलींतील रूपही नोंदवावें; म्हणजे कोणत्याही तुकड्यानें दार उघडेल. शोधणाऱ्यानेंही पुऱ्या नांवाचा हट्ट न धरतां जेवढें निश्चित ठाऊक आहे तेवढेंच यंत्रास द्यावें, बाकीचें मोकळें सोडावें, आणि जीं नांवें पुढें येतील तीं बापाचें नांव, गांव व साल यांशीं ताडून पाहावीं. भाणाराचा भंडारा ओळखणाऱ्यांनीं याहून वेगळें कांहीं केलें नव्हतें.