रक्ताचे गणित आणि जातीची भिंत

जात रक्तातच असते असे म्हणणारे आजही विज्ञानाचा आधार घेतात. म्हणून त्या विज्ञानाचाच इतिहास मी येथे तपासणार आहे.

१९०८ साली केंब्रिजचा गणिती जी. एच. हार्डी याने एका छोट्या पत्रात एक गैरसमज खोडून काढला. प्रभावी गुण पिढ्यान्‌पिढ्या आपोआप पसरत जातो, असा तो समज होता. हार्डीने दाखवले की लोकसंख्या मोठी असेल, विवाह मोकळे असतील आणि सर्वांना सारखीच संतती होत असेल, तर जनुकांचे प्रमाण तेच राहते. जर्मनीतील डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच मांडले. या सूत्राचे खरे मोल त्याच्या अटींत आहे. कोणती अट मोडली आणि कोणी मोडली, हा प्रश्न ते विचारायला लावते.

गणित मात्र स्वतःहून कोणाची बाजू घेत नाही. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या रोनाल्ड फिशरने १९३० च्या आपल्या ग्रंथात वरच्या वर्गाची घटती संतती हेच समाजावरील संकट मानले. पण सुप्रजननवाद्यांचा दावा त्याच गणितापुढे टिकत नाही. दहा हजारांत एकाला होणारा अप्रभावी दोष घ्या. प्रत्येक पिढीत अशा सर्वांना संततीपासून रोखले तरी त्या जनुकाचे प्रमाण निम्मे व्हायला शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतील!

आता भारताकडे या. येथे मोडली ती मोकळ्या विवाहाची अट. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ अंतर्विवाहात दाखवले, आणि तेही संख्येच्या भाषेत. एखाद्या गटाने स्वतःला कोंडून घेतले की त्याला विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राखावी लागते. नवरा मेला की स्त्री ‘जादा’ होते. म्हणून सती किंवा सक्तीचे वैधव्य. बायको मेली की पुरुष ‘जादा’ होतो. म्हणून त्याच्यासाठी बालवधू. धर्माचे सोवळे नेसवलेल्या रूढींखाली हा हिशेब दडला होता. पुढे १९३६ साली, जातीला सुप्रजननाचा आधार देणाऱ्यांना उत्तर देताना, त्यांनी आनुवंशशास्त्रज्ञ बेटसनचाच दाखला दिला.

जवळजवळ शतकानंतर, २०१३ साली, हैदराबाद व हार्वर्डच्या संशोधकांनी भारतातील ७३ गटांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वजांकडून आलेले जनुकांचे सलग तुकडे दर पिढीला तुटून आखूड होत जातात. त्यांच्या लांबीवरून दोन समूह केव्हा मिसळले याचा काळ काढता येतो. तो निघाला सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा. आज वेगळे राहणारे गटही तेव्हा मिसळत होते. नंतर ही सरमिसळ विरळ झाली, कारण अंतर्विवाह रूढ झाला.

मग शुद्ध रक्त कोणाचे? कोणाचेच नाही. हा अभ्यास गटांमधले अंतर मोजतो, पण अंतर म्हणजे उच्चनीचता नव्हे. जनुकांत दिसणारी ही भिंत निसर्गाने बांधलेली नाही, ती विवाहाच्या बंदीने उभी राहिली. समतेसाठी आपल्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण विज्ञानाच्या नावाने खोटे बोलणाऱ्याला विज्ञानानेच उत्तर देता आले पाहिजे. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले आहे. बंदी माणसाने घातली; ती उठवण्याचे कामही माणसाचेच आहे.