वाळू रगडली नाही, धुतली!

वाळू रगडून तेल काढायचं ते सुभाषित आपण सगळ्यांनी शाळेत सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेलं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात वाळूतून खरोखरच तेल निघतं, रोज ३० लाख पिंपांहून जास्त. फक्त ते रगडून नव्हे, तर गरम पाण्यानं आणि वाफेनं निघतं. पुढची सगळी कथा या पाण्याची आहे.

अथाबास्का नदीच्या काठावर ही काळी, चिकट वाळू उघडीच दिसते. तिथले क्री लोक त्यातलं डांबर झाडाच्या डिंकात मिसळून होड्यांच्या फटी बुजवत. १७१९ साली वा-पा-सू नावाच्या क्री माणसानं त्याचा नमुना हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावर नेला. कंपनीला हवी होती बीव्हरची कातडी. डांबर घेऊन ती काय करणार?

त्यानंतर दोनशे वर्षं तशीच गेली. १९१५ मध्ये एडमंटनच्या एका रस्त्यावर ही वाळू अंथरून पाहिली, इतकंच. मग अल्बर्टा विद्यापीठात कार्ल क्लार्क आले. या वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि डांबर त्या थराच्या बाहेर असतं. म्हणजे डांबर वाळूला थेट चिकटलेलंच नसतं! गरम पाणी आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून वाळू ढवळली की डांबर सुटतं, हवेच्या बुडबुड्यांबरोबर फेसासारखं वर येतं. वाळू तळाशी बसते. कल्पना अगदी नवी नव्हती, पण क्लार्क यांनी १९२० च्या दशकात ती नेटानं बसवली आणि तिचं पेटंट घेतलं.

धंदा मात्र जमेना. अबासँड नावाचा कारखाना १९४१ मध्ये जळला, पुन्हा उभारला, १९४५ मध्ये पुन्हा जळला. १९५८ च्या सुमारास एका अमेरिकन तेल कंपनीतल्या भूवैज्ञानिकानं तर जमिनीखाली अणुबॉम्ब फोडून डांबर पातळ करावं असं सुचवलं. त्यावर गंभीरपणे बैठका झाल्या, हे वाचून मला आजही नवल वाटतं. नशीब, कॅनडा सरकारनं अखेर तो बेत बाजूला ठेवला.

१९६७ च्या सप्टेंबरात ‘ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स’ हा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. पद्धत क्लार्क यांचीच. पण ते स्वतः आधीच्या डिसेंबरात वारले होते.

एका पिंपासाठी साधारण दोन टन वाळू धुवावी लागते. वाळू लगेच खाली बसते, पण तिच्यातली बारीक चिकणमाती पाण्यात वर्षानुवर्षं तरंगत राहते. ते गढूळ, विषारी पाणी नदीत सोडता येत नाही, म्हणून बांध घालून तळी केली. तळी वाढत गेली. २००८ च्या एप्रिलमध्ये अशा एका तळ्यावर उतरलेली सुमारे १६०० बदकं मेली. २०२३ मध्ये दुसऱ्या एका खाणीच्या तळ्यातली गळती उघड झाली. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मूळ रहिवाशांची तक्रार होती की, पाणी झिरपतंय हे आम्हाला कित्येक महिने धड सांगितलंच नाही.

बहुतेक साठा खणून काढण्याच्या खोलीपलीकडे आहे. त्यासाठी रॉजर बटलर यांनी दुसरी युक्ती काढली: एकावर एक, जेमतेम पाच मीटर अंतरावर दोन आडव्या विहिरी. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, खालच्या विहिरीत वितळलेलं डांबर गोळा करायचं. इथं तळी लागत नाहीत. पण वाफ करायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो.

१९६७ चं ते पहिलं तळं २०१० मध्ये बुजवून त्यावर माती पसरली, झाडं लावली. त्या जागेला ‘वापिसिव लुकआउट’ असं नाव दिलं, त्या १७१९ मधल्या क्री माणसावरून. तळ्यातला गाळ त्याआधी काढून दुसऱ्या तळ्यात नेला होता.