तंबोऱ्याचें लांकूड

संगीताचा इतिहास लिहितांना आपल्याकडे गवयांच्या घराण्यांची वंशावळ मोठ्या आस्थेनें दिली जाते. परंतु ज्या लांकडांतून स्वर उमटतो, त्याचें कुळशील सहसा कोणी विचारीत नाहीं. वर्ध्याकडील अल्लीपूरसारखें गांव असो कीं पुण्यासारखें शहर असो, भजनास एकतारी आणि मैफलीस तंबोरा लागतोच. या तंतुवाद्यांच्या घडणीचें महाराष्ट्रांतील प्रमुख पीठ म्हणजे मिरज. तेथील कारागिरीचा इतिहास पाहूं गेल्यास त्याचा अर्धा भाग हत्यारांचा आणि अर्धा भाग वाट पाहण्याचा आहे, असें आम्हांस वाटतें.

हा व्यवसाय उभा केला तो शिकलगारांनीं. तलवारी व कट्यारी यांस धार आणि झळाळी देणें हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि हळूहळू शस्त्रांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. तेव्हां १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यांच्या घडणीकडे लक्ष वळविलें, असें तेथील परंपरा सांगते. पटवर्धन संस्थानिकांच्या या नगरीस संगीताची आवड होतीच. पुढें अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचें वास्तव्य तेथें झाल्यानें गवई आणि कारागीर एकाच गांवांत नांदूं लागले. ज्या हातांस पोलादाचा स्वभाव ठाऊक होता, त्यांस आतां लांकडाचा स्वभाव शिकावा लागला. पोलाद तापवून क्षणांत वांकवितां येतें. लांकूड मात्र घाईस वश होत नाहीं.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. नुकतेंच तोडलेलें लांकूड म्हणजे पाण्यानें भरलेल्या सूक्ष्म नळ्यांची मोळीच होय. कांहीं पाणी नळ्यांच्या पोकळींत असतें, तर कांहीं त्यांच्या भिंतींत मुरलेलें असतें. पोकळींतील पाणी जातें तोंवर वजन घटतें, पण आकार बदलत नाहीं. ओलावा कोरड्या लांकडाच्या वजनाच्या सुमारें ३० टक्क्यांखालीं उतरला म्हणजे भिंती सुकूं लागतात आणि लांकूड आकसूं लागतें. हें आकसणेंहि सर्व दिशांनीं सारखें नसतें. वलयांच्या अनुरोधानें तें गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असतें; लांबीच्या दिशेनें नगण्य असतें. म्हणूनच ओली फळी सुकतांना वांकते आणि पिळवटते.

शिवाय ओंडक्याच्या टोंकांशीं नळ्यांचीं तोंडें उघडीं असल्यामुळें तेथून पाणी बाजूंपेक्षां कितीतरी पट वेगानें निघून जातें. टोंक आकसतें, मधला भाग फुगलेलाच राहतो, आणि या ओढाताणींत चिरा पडतात. यासाठीं झाड कापतांच टोंकांस मेणाचा किंवा दाट रंगाचा जाड लेप द्यावयाचा, म्हणजे पाण्यास बाजूंनीं सावकाश बाहेर पडावें लागतें. मात्र संबंध ओंडकाच लेपून टाकला तर ओल आंत कोंडून लांकूड कुजूं लागतें. पुढें फळ्या काढून, त्यांमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सांवलींत वाऱ्यावर रचावयाच्या. इंचभर जाडीस एक वर्ष, हा यासंबंधींचा जुना ठोकताळा.

मिरजेच्या कारागिरांकडे तुणीचें लांकूड कर्नाटकाच्या जंगलांतून येतें आणि भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूनें. भोपळाहि वाळवावाच लागतो. यांपैकीं कशांतहि ओल राहिली तर वाद्य पुरें झाल्यावर दांडी वांकते, तारांच्या दाबाखालीं तबली खचते, सांधा उघडतो. आणि मग जवारी कितीहि कुशलतेनें काढली तरी ती टिकत नाहीं. शेवटचा हात लाखेच्या रोगणाचा. पण रोगणानें ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबत नाहीं. कच्च्या लांकडाचा दोष त्याखालीं झांकून राहत नाहीं, एकदोन पावसाळ्यांत तो बाहेर पडतो.

येथें प्रश्न येतो भांडवलाचा. आज घेतलेलें लांकूड दोन-तीन वर्षांनीं वाद्य होणार असेल, तर तितका काळ पैसा कोठारांत पडून राहणार. आश्रयदात्याच्या छायेंत असा धीर धरतां येतो. महिन्याच्या मिळकतीवर घर चालविणाऱ्या कारागिरास तो कसा परवडावा? २०२४ मध्यें मिरजेची सतार व तंबोरा यांस भौगोलिक निर्देशन मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. त्यायोगें मिरजेच्या नांवाचें रक्षण होईल. लांकूड सुकण्यास लागणाऱ्या वर्षांचें व्याज मात्र त्यांतून फिटत नाहीं. भट्टींत नियंत्रित उष्णतेनें लांकूड थोड्या आठवड्यांत सुकवितां येतें, आणि ती रीत नीट पाळल्यास त्याज्य नाहीं. पण भट्टीचा खर्च एकट्या कारागिराच्या आवांक्याबाहेरचा आहे. सर्वांनीं मिळून लांकडाचें एक सामायिक कोठार राखावें, आणि त्यास सरकारनें व संगीतसंस्थांनीं अल्प व्याजानें कर्ज द्यावें, असें आम्हांस सुचवावेसें वाटतें. साखर कारखाने सहकारानें उभारणाऱ्या या प्रदेशास तें अवघड नसावें.

रसिकांसहि यांत थोडें कर्तव्य आहे. तंबोरा घ्यावयास गेल्यावर तो केव्हां मिळेल, हें आपण प्रथम विचारतों. त्याआधीं लांकूड केव्हांचें आहे, हें विचारावें. आणि जुनें असल्याचें उत्तर मिळाल्यास किंमतीची घासाघीस करूं नये.