तरंगती शाळा: मिसिसिपीच्या बोटीवरचे वादक

आज एक साधा प्रश्न घेऊन बसू. पोटासाठी वाजवणारा वादक आपल्या वाजवण्याचा मालक असतो का? प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण उत्तर शोधायला मी तुम्हाला अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर नेणार आहे. काळ 1919 ते 1921.

त्या नदीवरची प्रवासी आणि माल वाहतूक रेल्वेनं केव्हाच पळवली होती. मग स्ट्रेकफस नावाच्या बोटवाल्या कुटुंबानं युक्ती केली. माणसांना गावाला पोचवायचं नाही. नदीवर काही तास फिरवून, नाचवून परत त्याच धक्क्यावर आणायचं. आता नाचायचं तर वाद्यवृंद हवाच. म्हणजे बघा, वाफेच्या इंजिनाइतकाच वादकही धंद्याला आवश्यक झाला.

या वादकांचा म्होरक्या होता फेट मॅरेबल. जन्म 1890, गाव केंटकीतलं पडूका. पियानो आईकडून शिकला आणि 1907 मध्ये, सतराव्या वर्षी, बोटीवर लागला. त्याचं एक काम ऐका. बोटीच्या माथ्यावर वाफेच्या शिट्ट्यांचं वाद्य असायचं, कॅलिओपी. बोट आली ही दवंडी त्यावर पिटायची, मैलोन् मैल ऐकू जायची. पट्ट्या तापायच्या म्हणून हातमोजे, अंगावर गरम पाणी उडायचं म्हणून रेनकोट. आणि एवढं करून रात्री पुन्हा नाचासाठी पियानोवर बसायचं!

पहिल्या महायुद्धानंतर मॅरेबलनं न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय वादक ‘सिडनी’ बोटीवर जमवले. ड्रमवर बेबी डॉड्स, बासवर पॉप्स फॉस्टर आणि कॉर्नेटवर एक विशीच्या आतला पोरगा, लुई आर्मस्ट्राँग. लुईचा कान तल्लख, पण कागदावरचं स्वरलेखन त्याला नीट वाचता येत नव्हतं. आपल्याकडे गुरुमुखी विद्या म्हणतात ना, तशी त्याची विद्या रस्त्यावरची, ऐकून घेतलेली. बोटीवर मात्र रोज तालीम, समोर छापील कागद. डेव्हिड जोन्स या सहवादकानं फावल्या वेळात त्याला वाचायला शिकवलं. न्यू ऑर्लिन्सचे वादक तर मॅरेबलकडे नोकरी लागण्याला ‘संगीत विद्यालयात जाणं’ म्हणत.

इथवर गोष्ट गोड आहे. पण बरं का, ही शाळा कोणाची होती?

बोटीवर नाचणारे गोरे. सेंट लुईसला कृष्णवर्णीयांसाठी आठवड्यातली एक रात्र राखून ठेवलेली, सोमवारची. बाकीच्या रात्री त्यांनी फक्त वाजवायचं. नदीकाठच्या कितीतरी गावांनी असा वाद्यवृंद पाहिलेलाच नव्हता. लोक आधी नाचायचे नाहीत, नुसते बघत उभे राहायचे. काही अपमान करायचे. परतीच्या वेळेपर्यंत तेच टाळ्या वाजवायचे. आर्मस्ट्राँगनं नंतर हे लिहून ठेवलं आहे. पण मला वाटतं, टाळ्या मिळाल्या म्हणून हिशेब फिटत नाही. सोमवार सोमवारच राहिला.

दुसरी अडचण लयीची. मालकांना नाच हवा, म्हणून लयही त्यांच्या पसंतीची हवी. ताल असा धरा, इतकाच धरा, असं वादकांना सांगितलं जाई. डॉड्स सांगतो, की मालकांना हवा असलेला ताल त्याला आणि लुईला मान्य नव्हता. 1921 मध्ये दोघंही बोट सोडून गेले. पुढच्याच वर्षी, 1922 मध्ये, किंग ऑलिव्हरनं लुईला शिकागोला बोलावलं. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे या. बोटीनं लुईला शिस्त दिली, अक्षरओळख दिली, रोज रात्री वाजवण्याचा सराव दिला. हे ऋण खरं आहे, नाकारू नये. पण ऋण म्हणजे मालकी नव्हे. मालकानं विकत घेतले होते ते वादकाचे तास. लय विकत घ्यायला गेला, तेव्हा वादक धक्क्यावर उतरला.

मात्र मॅरेबल उतरला नाही. तो वर्षानुवर्षं बोटीवरच राहिला, नवी पोरं घडवत राहिला. 1947 मध्ये गेला. इतिहास सोडून जाणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतो. जो थांबला, त्याच्यामुळे शाळा चालू राहिली. या दोघांपैकी जास्त स्वतंत्र कोण होता, याचा विचार करत घरी जा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.