बर्मंडसींतील नऊ हजार झाडें

लंडन शहराचा नकाशा पुढें घेऊन टॉवर ब्रिजवरून टेम्स नदीच्या दक्षिण तीरास उतरलें म्हणजे डाव्या हातास, नदीच्या वळणालगत, जो भाग लागतो त्यास बर्मंडसी म्हणतात. मराठी वाचकांस ह्या भागाची ओळख असलीच तर ती बहुधा डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ह्या कादंबरींतून झालेली असेल; कारण त्यांतील बिल साइक्स ज्या जेकब्स आयलंड नांवाच्या दुर्गंधिमय वस्तींत शेवटीं मरण पावतो ती वस्ती येथलीच. त्या वर्णनास ऐंशी वर्षें उलटून गेल्यावर, म्हणजे १९२० सालीं, ह्याच बर्मंडसीच्या कौन्सिलनें एक समिति नेमली. तिचें नांव सुशोभन समिति, आणि तिचें काम रस्त्यांत झाडें लावणें, मोकळ्या जागीं फुलें फुलविणें व गरिबांच्या खिडक्यांस कुंड्या पुरविणें. शहर हिरवें करण्याच्या योजना हल्लीं जगांतील बहुतेक नगरसंस्था मोठ्या थाटानें प्रसिद्ध करीत असतात. अशा योजनेची धांव कोठवर जाते व ती कोणत्या भिंतीवर आदळून थांबते, हें पाहावयाचें असल्यास बर्मंडसीच्या ह्या प्रयोगाइतकें बोलकें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण आहे.

१८९९ च्या कायद्यानें लंडनचे अठ्ठावीस ‘बरो’ पाडण्यांत आले. बरो म्हणजे शहराच्या पोटांतील एक लहानशी नगरपालिकाच. रस्ते, स्वच्छता, घरें हीं तिच्याकडे, आणि सर्व शहराचा मोठा कारभार लंडन काउंटी कौन्सिलकडे. बर्मंडसीचा बरो सुमारें पंधराशें एकरांचा. १९०१ च्या शिरगणतींत तेथें सुमारें एक लाख तीस हजार माणसें राहत होतीं. नदीकांठीं धक्के आणि वखारी. आपल्याकडील चहा व मसाले बोटींतून ह्याच वखारींत उतरत. आंत शिरावें तों कातडीं कमावण्याचे कारखाने, पीक फ्रीन कंपनीची बिस्किटें, हार्टलीचे मुरंबे, शिरका आणि लोणचीं! ‘लंडनचें कोठार’ असें ह्या भागास म्हणत. ह्या कोठारांत काम करणाऱ्या मजुरांच्या घरीं मात्र अन्नाचा तोटा, हवेचा तोटा आणि उन्हाचाही तोटा. एका बाजूनें कातड्यांची घाण व दुसऱ्या बाजूनें मुरंब्याचा गोड वास अशा वातावरणांत, धुरानें काळवंडलेल्या गल्ल्यांतून, एकेका खोलींत कुटुंबेंच्या कुटुंबें राहत.

गरिबांस सौंदर्य हवें हा विचार बर्मंडसीनें प्रथम काढला असें नव्हे. शेजारच्याच सदर्क भागांत ऑक्टेव्हिया हिल ह्या विदुषीनें १८८७ सालीं रेड क्रॉस गार्डन नांवाची छोटी बाग तयार करविली होती. त्याच काळांत जुन्या, बंद पडलेल्या स्मशानभूमींवर इमारती बांधण्यास कायद्यानें बंदी झाली, आणि थडगीं कडेला सारून तेथें बांकें मांडण्याची प्रथा पडली. लंडनच्या दाट वस्तींत जिवंत माणसांस उघडें आकाश मिळालें तें पुष्कळ ठिकाणीं अशा रीतीनें मृतांच्या कृपेनें मिळालें! पण हिलबाईंची भूमिका परोपकाराची होती. नगरसंस्थेनें स्वतः गरिबांसाठीं घरें बांधावींत हें त्यांस मान्य नव्हतें. बाग ही एखाद्या सधन व सहृदय व्यक्तीनें द्यावयाची, आणि गरिबानें ती नीट वापरून दात्याच्या विश्वासास पात्र व्हावयाचें, असा तो संबंध. बर्मंडसींत जो फरक घडला तो येथें. तेथें बाग ही देणगी राहिली नाहीं. ती दिवाबत्तीसारखी व गटारासारखी कौन्सिलच्या अंदाजपत्रकांतील बाब झाली.

हा फरक घडवून आणणारी बाई एडा सॉल्टर. जन्म १८६६, नॉर्थॅम्प्टनशायरमधील एका मेथॉडिस्ट कुटुंबांत. लंडनमध्यें गरिबांच्या सेवेसाठीं आली व बर्मंडसीच्या सेवागृहांत राहूं लागली. तेथेंच आल्फ्रेड सॉल्टर हा तरुण डॉक्टर तिला भेटला. गायच्या रुग्णालयांत शिकलेला, जंतुशास्त्रांत नांव काढलेला हा मनुष्य संशोधकाची प्रतिष्ठा सोडून बर्मंडसीच्या गल्लींत दवाखाना थाटून बसला. १९०० सालीं दोघांचा विवाह झाला, आणि दोघेंही क्वेकर पंथांत शिरलीं. भेटीची फी सहा पेन्स, आणि ज्याच्यापाशीं तेही नसतील त्यास तेही माफ. त्यांनीं एक निश्चय केला होता : ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्यांतच राहावयाचें, आपल्या मुलीस शेजारच्या मुलांच्याच शाळेंत घालावयाचें. जॉइस ही त्यांची एकुलती एक मुलगी १९१० सालीं स्कार्लेट फीवर ह्या सांथीच्या तापानें गेली. ती आठ वर्षांची होती.

सॉल्टरबाईंचीं झाडें हीं ह्या दुःखांतून उगवलीं असें पुष्कळदां म्हटलें जातें. कथा हृदयस्पर्शी आहे. पण साल पाहिलें तर ती टिकत नाहीं. बाई कौन्सिलवर निवडून आल्या त्या १९०९ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे मुलीच्या मृत्यूच्या आधीं. त्या जागेवर येणारी बर्मंडसीची ती पहिलीच स्त्री. १९११ च्या कडक उन्हाळ्यांत बिस्किटांच्या व मुरंब्यांच्या कारखान्यांतील सुमारें चौदा हजार स्त्रियांनीं संप पुकारला तेव्हां त्यांच्या अन्नाची व्यवस्था लावण्यांत ह्याच बाई पुढें होत्या. आणि बहुतेक कारखान्यांत मजुरी वाढवून मिळाली. झाडें लावणारी बाई ती हीच, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. फुलांची आवड असलेली एक कोमल स्त्री म्हणून तिचें चित्र रंगविणाऱ्यांस हा संपाचा भाग अडचणीचा वाटतो, आणि मजूर-चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांस फुलांचा. वस्तुतः दोन्ही मागण्या एकाच जातीच्या होत्या.

१९२० सालीं सुशोभन समिति निघाली तेव्हां बाईंच्या मजूर पक्षास कौन्सिलांत अद्याप बहुमत नव्हतें. १९२२ सालीं तें मिळालें. डॉक्टर पार्लमेंटांत गेले आणि बाई मेयर झाल्या. लंडनमध्यें मेयर झालेली ती पहिली स्त्री. मेयरचा झगा व गळ्यांतील साखळी घालण्यास त्यांनीं नकार दिला. ह्या सर्वांत खर्चाचा प्रश्न होताच. गरीब बरोची घरपट्टी गरिबांच्याच खिशांतून येणार, आणि बेकारांच्या पोटगीचा बोजाही त्याच बरोवर. १९२१ सालीं पॉप्लर येथील जॉर्ज लॅन्सबरी व त्यांचे सहकारी ह्या अन्यायाविरुद्ध तुरुंगांत गेले, आणि त्यामुळें पोटगीचा पुष्कळसा भार सबंध लंडनवर वांटला गेला. बर्मंडसीस झाडें लावावयास जो थोडा श्वास मिळाला त्यांत पॉप्लरच्या तुरुंगवासाचाही वांटा आहे.

१९३० च्या दशकापर्यंत बरोंत सुमारें नऊ हजार झाडें लावून झालीं. नऊ हजार हा आंकडा ऐकावयास लहान वाटेल. पण हिशेब करून पाहावा : पंधराशें एकरांत एकरीं सहा झाडें, आणि तींही शेतांत नव्हे तर फरसबंदी उखडून, गॅसच्या नळांस चुकवून, मालाच्या घोडागाड्यांच्या चाकांपासून जपून लावलेलीं. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकवस्ती सुमारें एक लाख अकरा हजार. म्हणजे दर बारा माणसांमागें एक झाड. लंडनच्या धुरांत पानांवर काजळी बसते, पानांचीं छिद्रें बुजतात आणि झाड गुदमरतें. म्हणून कोणतें झाड तग धरील हें पाहूनच निवड करावी लागे. प्लेन हा वृक्ष ह्या शहरास मानवला तो उगीच नव्हे : त्याचें पान गुळगुळीत, पावसानें धुवून निघणारें, आणि खोडाची साल वरचेवर सुटून पडणारी. झाडांच्या जोडीस फुलांचे ताटवे, मुलांचीं क्रीडांगणें, बागांत वाद्यवृंद हेंही आलें.

माणसांस राहावयास धड घर नाहीं आणि कौन्सिल फुलें कसलीं लावतें, असा आक्षेप त्या वेळीं घेण्यांत येई, आणि आजही अशा प्रत्येक योजनेवर तो घेतला जातो. आक्षेप वरवर पाहतां रास्त आहे. परंतु बर्मंडसीचें कौन्सिल फुलांवर थांबलें असतें तरच तो लागू पडता. ह्याच कौन्सिलनें क्षयरोग्यांस ऊन मिळावें म्हणून प्रथम स्वित्झर्लंडमधील लेझां येथें पाठविलें आणि १९२६ सालीं बरोंतच सूर्यकिरण-चिकित्सेचें केंद्र उघडलें; आरोग्याचे बोलपट-पूर्व काळांतील चित्रपट स्वतः तयार करून ते गल्लीबोळांत गाडीवरून दाखविले. झाड, ऊन, स्वच्छ दूध, रुंद रस्ता हीं त्यांच्या लेखीं एकाच औषधाचीं अंगें होतीं. सॉल्टर दंपतीचें खरें ध्येय तर झाडांच्याही पलीकडचें होतें. गलिच्छ वस्ती पाडून सबंध बर्मंडसीच बागांचें उपनगर करावयाची, प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र घर व घरामागें परसूं द्यावयाचें, हें तें ध्येय. उद्यान-नगरांच्या चळवळींतील यूअर्ट कल्पिन हे स्थापत्यकार त्यांस मिळाले, आणि १९२८ सालीं विल्सन ग्रोव्ह येथें अशीं चोपन्न घरें उभीं राहिलीं.

चोपन्न! नऊ हजार झाडें आणि चोपन्न घरें. माझ्या मतें ह्या प्रयोगाचा सारा इतिहास ह्या दोन आंकड्यांत आहे. रस्ता कौन्सिलच्या मालकीचा. त्याच्या कडेला झाड लावावयास फार कोणाची परवानगी लागत नाहीं. पण परसूं द्यावयाचें तर जमीन हवी. लंडनच्या मध्याजवळील जमिनीचा भाव कौन्सिलच्या हातीं नव्हता, आणि जेवढीं कुटुंबें पाडलेल्या घरांतून निघत तेवढीं बैठ्या घरांत मावत नसत. कर्जाची मंजुरी वरिष्ठ सरकारकडे, आणि वरिष्ठांचा कल मजल्यांवर मजले चढविण्याकडे. अखेर बर्मंडसीलाही आपल्याकडील चाळींची आठवण व्हावी असे अनेक मजली गाळेच बांधावे लागले. त्यांत कौन्सिलनें न्हाणीघर दिलें, स्वयंपाकघर दिलें, गॅलऱ्यांवर फुलांच्या पेट्या दिल्या. परसूं देतां आलें नाहीं. झाडांचें यश मोठें होतें, तरी तें ज्या जागेवर कोणाचा हितसंबंध अडकलेला नव्हता त्या जागेवरचें होतें.

हें बाईंनीं ओळखलें असावें, कारण पुढें त्या काउंटी कौन्सिलांत गेल्या व तेथें उद्यानांच्या कामांत पडल्या. १९३४ सालीं काउंटी कौन्सिल मजूर पक्षाच्या हातीं आलें, शहराभोंवतीं हिरव्या पट्ट्याची योजना निघाली, आणि १९३८ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. येथें प्रश्न थेट जमिनीचाच होता : शहराबाहेरची भूमि विकत घेऊन तीवर बांधकाम होऊं द्यावयाचें नाहीं. १९४० च्या सप्टेंबरांत जर्मन विमानांनीं धक्क्यांवर आग पाडली, आणि बर्मंडसीचा पुष्कळ भाग उद्ध्वस्त झाला. १९४२ सालीं सॉल्टरबाई वारल्या, १९४५ सालीं डॉक्टर.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९६५ सालीं बर्मंडसीचा बरो सदर्कच्या मोठ्या बरोंत विलीन झाला. धक्के बंद पडले, वखारी ओस पडल्या. १९७७ सालीं टॉवर ब्रिजजवळ, मालमोटारी उभ्या करण्याच्या सुमारें दोन एकर जागेंत, विल्यम कर्टिस ह्या अठराव्या शतकांतील वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवानें एक निसर्गोद्यान करण्यांत आलें. पडीक जमिनीवर तळें, गवत, फुलपाखरें. शाळेंतील मुलें येऊन पाहत. पण जागा मुदतीची होती. १९८५ सालीं ती परत करावी लागली, आणि उद्यान मोडलें. २०१९ सालीं सदर्क कौन्सिलनें हवामानाची आणीबाणी जाहीर केली व २०३० पर्यंत बरोंतील कार्बनचा हिशेब शून्यावर आणण्याचें ध्येय ठरविलें. सॉल्टर डॉक्टरांचा ब्राँझचा पुतळा नदीकांठीं बसविला होता, तो २०११ सालीं चोरीस गेला. २०१४ सालीं नवा बसविला तेव्हां शेजारीं बाईंचाही उभारण्यांत आला. पुतळ्यांपासून पायीं कांहीं मिनिटांवर विल्सन ग्रोव्ह आहे. तेथील तीं बैठीं घरें आपल्या परसांसह अद्याप उभीं आहेत.