ताटलीवरची देवी

आमच्या देव्हाऱ्यात एक जास्तीची देवी होती. तळहाताहून थोडी मोठी, गोल, पितळेसारखी ताटली. तिच्यावर बाई उभी, हातात त्रिशूळ, जवळ सिंह. पणजीनं ती पहिल्यांदा पाहिली आणि ठरवून टाकलं, ही अंबाबाई. कडेची इंग्रजी अक्षरं तिला नक्षी वाटली असावीत. टाकांच्या शेजारी ती जी बसली ती बसलीच.

ती बाई ब्रिटानिया, आणि तशी ताटली पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी सरकार पाठवत असे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरात सांगितलं तर आजी म्हणाली, "असू दे की. हळदकुंकू घेतलंय तिनं एवढी वर्सं."

ताटलीवर एका चौकटीत आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, थोरल्या भावाचं नाव होतं. हुद्दा नाही, पलटण नाही, नुसतं उठावाचं नाव. दर सणाला चिंचेनं घासून घासून ते इतकं गुळगुळीत झालं होतं, की बोट फिरवलं तरच लागे.

आमच्या माणदेशाकडं पहिलं महायुद्ध कुणी म्हणत नसे. 'बसऱ्याची लढाई' म्हणत. कुठल्याशा राजपुत्राला कुणी गोळी घातली, याचं गावाला काय? शिपायाला महिना 11 रुपये पगार, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात 11 रुपये म्हणजे मनीऑर्डरीनं येणारी विहीरच. थोरला गेला तो त्या विहिरीसाठी. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे.

पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात उतरल्या. टायग्रिसच्या काठाकाठानं बगदादच्या दारापर्यंत गेल्या, नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफॉनला त्यांची फार माणसं पडली, आणि माघार घेऊन सगळे कुत-अल-अमारात अडकले. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी त्यांत होत्या. वेढा डिसेंबरच्या सुरुवातीला पडला, तो 147 दिवस.

पुढचं सगळं बसरेवाल्या नानांचं. पलीकडच्या वाडीतले, त्याच पलटणीतले, 1919 साली परत आलेले. गावात मानमोडीची साथ येऊन गेली होती, घरंच्या घरं ओस होती, आणि हा माणूस काठी टेकत आला. पणजी त्यांना ओसरीवर बसवून तेच तेच विचारी.

नाना सांगत, धान्य होतं पण दळायला काही नव्हतं, तर विमानातून जात्याचे दगड टाकले. हे ऐकून बायका हसत. नानांची ती थाप असेल असं मलाही वाटे. पुढं पुस्तकातही तेच सापडलं. मग पीठही संपत आलं. जानेवारीच्या अखेरीपासून घोडी आणि खेचरं कापायला लागले. गोरे खात. आपले बहुतेक शिपाई खाईनात. दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तरी नाही. खाल्लं तर चालेल, असं हिंदुस्थानातून धर्मगुरूंकडून तारेनं मागवून घेतलं, तरीही नाही.

आमचं कुळदैवत पालीचा खंडोबा. घोडा त्याचं वाहन. पणजीचा प्रश्न एकच असे : "त्यानं खाल्लं का?"

"न्हाई आई. त्यानं शिवलं न्हाई."

29 एप्रिल 1916 ला वेढ्यातल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. तो पुढं इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला. शिपायांना उन्हात वाळवंटातून चालवत नेलं, आणि पुष्कळांना रास-अल-ऐनकडं रेल्वेच्या कामावर लावलं. त्या वाटेत कुठंतरी थोरला पडला. कुठं, ते नानांनाही सांगता येईना. रांग थांबत नव्हती.

बसऱ्याला स्मारक आहे. 40 हजारांवर माणसांचं. गोऱ्यांची नावं त्यावर कोरली. आपल्या शिपायांचे पलटणवार आकडे. 1997 मध्ये ते जुन्या जागेवरून उचलून वाळवंटात नेलं. म्हणजे थोरल्याचं नाव धातूवर असं होतं ते एकाच ठिकाणी, आणि ते आम्ही चिंचेनं पुसत होतो.

आबांनी मला शेवटची गोष्ट फार उशिरा सांगितली. पणजी असतानाच एकदा नाना आजारी पडले, म्हणून आबा वाडीवर गेले होते. नानांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. म्हणाले, "खाल्लं हुतं त्यानं. शेवटच्या म्हैन्यात. आदी मी खाल्लं, मग त्याच्या तोंडात मीच घातलं. रडत खाल्लं, पन खाल्लं."

आबा तिन्हीसांजेला घरी आले. दसरा तोंडावर होता. पणजी परसात देव घासत बसली होती, मांडीवर ती ताटली.

"काय म्हनला नाना?"

"काय न्हाई. पावसाचं इचारत हुता."

"पडंल की," पणजी म्हणाली, आणि चिंचेचा कोळ घेऊन पुन्हा घासायला लागली.