नाव कुणाचं, मिरवलं कुणी!

प्रशिया म्हटलं की मला टोकदार शिरस्त्राणवाला कडक जर्मन शिपाईच आठवायचा. पण मूळचे प्रशियन जर्मन नव्हतेच मुळी! ते बाल्टिक समुद्राकाठचे, भाषेने लिथुआनियनांचे भाऊबंद. १३व्या शतकात ट्युटॉनिक धर्मयोद्ध्यांनी त्यांना जिंकलं, आणि पुढे त्यांचं नावही जर्मनांनीच लावलं. १७०१ मध्ये ब्रांडेनबर्गचा फ्रेडरिक राजा झाला, तो 'प्रशियातला राजा' म्हणून. 'प्रशियाचा' म्हणायची सोय नव्हती, कारण पश्चिमेकडचा प्रशिया पोलंडच्या छत्राखाली होता. (एका प्रत्ययावर केवढं राजकारण!) 'चा' लागला १७७२ मध्ये, पोलंडचा लचका तोडल्यावर. नंतर हेच नाव पार ऱ्हाईनपर्यंत पोचलं. १९४७ मध्ये दोस्तांनी प्रशिया कायद्याने मोडीत काढला. मूळ प्रशियन भाषा त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं बोलण्यातून गेलेली होती.